पानाच्या अंतर्रचनेचा शोध आणि ‘क्रांझ’ वलय : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वनस्पतींच्या शारीराचा, म्हणजेच त्यांच्या अंतर्रचनेच्या अभ्यासाचा इतिहास बहुधा सूक्ष्मदर्शकाच्या प्रगतीचा इतिहास म्हणून मांडला जातो. भिंग सुधारले की नवे काही दिसते आणि दिसले की ज्ञान वाढते, अशी या मांडणीमागील सोपी समजूत असते. प्रस्तुत लेखात या समजुतीत न बसणाऱ्या एका रचनेचा मागोवा घेतला आहे. मका, ज्वारी किंवा ऊस यांचे पान आडवे कापून त्याचा पातळ छेद साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर प्रत्येक शिरेभोवती मोठ्या, गडद हिरव्या पेशींचे एक वलय स्पष्ट दिसते. पदवी वर्गातील विद्यार्थी प्रात्यक्षिकाच्या तासाला दाढीच्या पात्याने घेतलेल्या छेदात हे वलय पाहतो व वहीत रेखाटतो. युरोपातील अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच ते पाहिले होते. त्यांनी त्याचे अचूक वर्णन केले, त्याला नाव दिले, इतकेच नव्हे तर त्याच्या कार्याविषयी योग्य दिशेचा तर्कही केला. असे असूनही हे वलय नेमके काय करते हे कळण्यास १९६० चे दशक संपत यावे लागले.

दिसणे आणि उमगणे यांमध्ये सुमारे आठ दशकांचे अंतर का पडले, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर भिंगाच्या शक्तीत सापडत नाही. एकाच पानाकडे पाहणाऱ्या निरनिराळ्या ज्ञानशाखा एकमेकींपासून किती दूर होत्या, यात ते शोधावे लागते.

विणीची उपमा

रॉबर्ट हुक याने १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात दिसलेल्या कप्प्यांचे वर्णन केले हे सर्वश्रुत आहे. परंतु वनस्पतीच्या सर्व अवयवांची अंतर्रचना पद्धतशीरपणे तपासण्याचे काम हुकचे नव्हे. ते दोन वैद्यांनी, परस्परांपासून दूर राहून, जवळपास एकाच वेळी आरंभिले. इंग्लंडमधील नेहेमाया ग्रू (१६४१–१७१२) आणि इटलीतील बोलोन्या येथील मार्चेलो माल्पीगी (१६२८–१६९४) हे ते दोघे होत. डिसेंबर १६७१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ग्रूचे छापील पुस्तक आले आणि त्याच सुमारास माल्पीगीच्या कामाची हस्तलिखित रूपरेषाही तेथे पोहोचली. माल्पीगीचा विस्तृत ग्रंथ पुढे १६७५ व १६७९ मध्ये दोन भागांत याच संस्थेने प्रसिद्ध केला. ग्रूचा सचित्र संग्रह १६८२ मध्ये निघाला.

दोघेही वैद्य असल्यामुळे प्राण्यांच्या शरीराशी तुलना करणे त्यांना स्वाभाविक वाटले. माल्पीगीला खोडातील मळसूत्री वाहिन्या कीटकांच्या श्वासनलिकांसारख्या दिसल्या आणि त्यांतून हवा वाहत असावी असे त्याने मानले. हा तर्क चुकीचा ठरला, तरी त्याची खूण पाश्चात्त्य परिभाषेत आजही टिकून आहे. ग्रूची उपमा मात्र वेगळ्या व्यवसायातील होती. खोडाच्या मृदू भागातील तंतूंची गुंफण त्याला हाताने विणलेल्या नाजूक जाळीदार लेससारखी भासली. पुढे फ्रेंच वैद्यांनी प्राणिशरीराच्या बाबतीत ‘विणलेले’ या अर्थाचा शब्द रूढ केला आणि तोच युरोपभर पसरला. मराठीतील ‘ऊतक’ हा शब्दही याच उपमेवर उभा आहे. संस्कृतातील ‘ऊत’ म्हणजे विणलेले. ‘ओतप्रोत’ या नित्याच्या शब्दात हेच रूप दडलेले आहे. परिभाषा घडविणाऱ्यांनी केवळ प्रतिशब्द न देता मूळ प्रतिमाच मराठीत आणली, असे येथे दिसते.

उपमेचे एक बंधनही असते. कापड विणलेले आहे असे म्हटले की पाहणारा धाग्यांची मांडणी पाहतो. ते कापड काय काम करते हा प्रश्न मागे पडतो. पुढील दीडशे वर्षांत वनस्पतींच्या शारीराचे काहीसे असेच झाले. या काळाचा तपशील येथे आवश्यक नाही. १८३७ मध्ये टेओडोर हार्टिग याने अन्नरस वाहणाऱ्या चाळणीनलिका ओळखल्या आणि १८५८ मध्ये कार्ल नेगेली याने पाणी वाहणारे प्रकाष्ठ व अन्न वाहणारे परिकाष्ठ यांना आजची नावे दिली. १८७७ मध्ये अंतोन दे बारी याच्या बृहद्ग्रंथात फुलझाडे व नेचे यांच्या ऊतकांचे तुलनात्मक वर्णन एकत्र झाले. तो ग्रंथ वर्णनाच्या दृष्टीने परिपूर्ण म्हणावा असा आहे. मात्र ‘ही रचना अशीच का?’ हा प्रश्न त्याच्या कक्षेत नव्हता.

खोडापासून पानाकडे

हा प्रश्न प्रथम ठामपणे विचारला गेला तो पानाविषयी नव्हे, तर खोडाविषयी. झिमोन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७४ मध्ये एकदल वनस्पतींच्या रचनेमागील यांत्रिक तत्त्वावर ग्रंथ लिहिला. तो काळ लोखंडी पुलांचा होता. कमीत कमी लोखंडात जास्तीत जास्त भार पेलायचा असेल, तर धातू तुळईच्या मध्यभागी न ठेवता वरच्या व खालच्या कडेला ठेवावा लागतो, हे अभियंत्यांना ठाऊक होते. श्वेंडेनरने हेच गणित गवताच्या काडीला लावले. टणक भिंतींच्या पेशींचे पट्टे, म्हणजे दृढोतक, खोडात नेमके परिघाजवळ एकवटलेले असतात हे त्याने दाखविले.

ज्वारीचे ताट कापून पाहिल्यास श्वेंडेनरचे म्हणणे कोणालाही पडताळता येते. वाहक वृंद आडव्या कापात ठिपक्यांसारखे विखुरलेले असतात. परंतु सालीजवळ त्यांची दाटी असते आणि प्रत्येकाभोवती दृढोतकाची टोपी असते. भरल्या कणसाचे ओझे घेऊन वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या ताटाचे बळ या मांडणीत आहे. उसाचे कांडे चघळणाऱ्यालाही ऊतकांतील हा भेद नकळत कळतो. दातांखाली फुटून गोड रस देणाऱ्या पेशी म्हणजे मृदूतक. रस गेल्यावर तोंडात उरणारा चोथा म्हणजे मुख्यतः वाहक वृंद व त्यांचे टणक वेष्टन.

श्वेंडेनरच्या हाताखाली ट्यूबिंगेन येथे काही काळ काम केलेल्या गॉटलीब हाबरलांट (१८५४–१९४५) याने ही दृष्टी सर्व अवयवांना लागू केली. त्याचे वडील फ्रीड्रिख हाबरलांट हे युरोपात सोयाबीनच्या लागवडीचा पुरस्कार करणारे कृषितज्ज्ञ होते; पिकांशी असलेला परिचय मुलाला घरातूनच मिळाला असावा. व्हिएन्ना येथे पदवी घेतल्यावर गॉटलीबने ग्रात्स येथे दीर्घकाळ अध्यापन केले व १९१० मध्ये तो श्वेंडेनरच्या जागी बर्लिनला गेला. १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘शरीरक्रियात्मक वनस्पतिशारीर’ या अर्थाच्या शीर्षकाच्या जर्मन ग्रंथात ऊतकांचे वर्गीकरण त्यांच्या उगमावरून किंवा आकारावरून न करता कार्यावरून केले होते. संरक्षण करणारी, आधार देणारी, शोषण करणारी, अन्न तयार करणारी, वाहून नेणारी अशी ती मांडणी होती. शुद्ध वर्णनाची शिस्त मानणाऱ्यांना हे धाडस रुचले नाही. कार्य हे तर्काने ठरते आणि रचना डोळ्यांनी दिसते, तेव्हा वर्गीकरण दिसणाऱ्या गोष्टीवरच करावे, हा त्यांचा आक्षेप सर्वस्वी गैरलागू नव्हता; हाबरलांटचे काही तर्क पुढे टिकले नाहीत हेही खरे आहे.

पानातील वलयाच्या बाबतीत मात्र त्याचे पाऊल योग्य पडले. गवतांच्या पानांतील शिरांभोवतीच्या पेशींचे वर्णन फ्रान्समधील द्युव्हाल-जूव्ह याने १८७५ मध्ये केले होते. हाबरलांटने त्यापुढे जाऊन दोन थरांच्या मांडणीकडे लक्ष वेधले. आतला थर शिरेला वेढणाऱ्या जाड भिंतींच्या मोठ्या पेशींचा. त्यांत ठळक हरितलवके. बाहेरचा थर त्यांना टेकून, सूर्याच्या किरणांप्रमाणे चोहोबाजूंना पसरलेल्या मध्योतकाच्या पेशींचा. या मांडणीला त्याने ‘क्रांझ’, म्हणजे जर्मनमध्ये फुलापानांचा गोल हार, असे नाव दिले. दोन्ही थरांतील हरितलवके एकसारखी नसावीत आणि त्यांच्यामध्ये अद्याप अज्ञात अशी काही श्रमविभागणी असावी, असा अंदाजही त्याने नोंदविला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. हा अंदाज पडताळण्याचे कोणतेही साधन तेव्हा उपलब्ध नव्हते. प्रकाशात हरितलवकांमध्ये स्टार्च तयार होतो, हे यूलियुस झाक्सने १८६० च्या दशकात आयोडीनच्या साध्या चाचणीने दाखविले होते. त्यापलीकडे, हवेतला कर्बवायू पानात शिरल्यावर पहिल्या काही क्षणांत त्याचे काय होते, हे जाणून घेण्याचा मार्गच नव्हता. श्रमविभागणीचा विचार ग्रंथात एका वाक्यापुरता उरला आणि त्याच अवस्थेत आवृत्त्यांमागून आवृत्त्यांत छापला जात राहिला.

विखुरलेल्या नोंदी

यानंतरच्या अर्धशतकात या कोड्याचे तुकडे एकेक करून हाती येत होते. पण ते निरनिराळ्या हातांत होते.

पहिला तुकडा शेतीच्या मोजमापातून आला. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ॲक्रन येथे ब्रिग्ज व शांट्झ यांनी कोरडवाहू शेतीसाठी योग्य पिके शोधताना निरनिराळ्या पिकांना एक भाग शुष्क पदार्थ तयार करण्यास किती भाग पाणी लागते, हे कुंड्यांत पिके वाढवून मोजले. १९१३–१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आकड्यांत एक ठळक फट दिसते. भरडधान्ये, ज्वारी व मका यांना साधारणतः ३०० ते ३७० भाग पाणी पुरत होते. गव्हाला ५०० हून अधिक आणि लसूणघासाला ८०० हून अधिक लागत होते. आकडे हळूहळू चढत जाणारे नव्हते. पिकांचे दोन गट पडत होते. पहिल्या गटातील सर्व पिकांच्या पानांत हाबरलांटचे वलय आहे. ही संगती त्या काळी कोणी लावली नाही. पाणी मोजणारे पान कापत नव्हते आणि पान कापणारे पाणी मोजत नव्हते.

दुसरा तुकडा आनुवंशिकीतून आला. मक्यावर संशोधन करणारे ऱ्होड्स व कार्व्हालो यांनी १९४४ मध्ये दाखविले की मक्याच्या पानात स्टार्च मुख्यतः वलयाच्या पेशींतच साठतो; सभोवतालच्या मध्योतकात तो नेहमीच्या स्थितीत दिसत नाही. त्यांनी याचा अर्थ असा लावला की साखर मध्योतकात तयार होते आणि वलय हे तिचे तात्पुरते कोठार आहे. अर्थ अपुरा होता, निरीक्षण अचूक होते. तिसरा तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिला. १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियातील हॉज व त्याच्या सहकाऱ्यांनी मक्याच्या दोन थरांतील हरितलवकांची सूक्ष्मरचना वेगळी असल्याचे छायाचित्रांनिशी दाखविले. मध्योतकातील लवकांत पटलांच्या चवडी रचलेल्या असतात, वलयातील लवकांत त्या जवळजवळ नसतात. हाबरलांटचा संशय अशा रीतीने डोळ्यांनी खरा ठरला. चौथा तुकडा वायूंच्या मोजणीतून मिळाला. बंद पेटीत उजेडात ठेवलेले मक्याचे पान हवेतील कर्बवायू जवळजवळ शून्यापर्यंत शोषून घेते, तर इतर बहुतेक पाने एका मर्यादेवर थांबतात, हे मॉसने १९६२ मध्ये नोंदविले.

चार तुकडे, चार ज्ञानशाखा. ते जोडणारी गोष्ट रसायनशास्त्राकडून येणार होती, आणि तिच्या येण्यास जो उशीर झाला त्याचे कारण मोठे उद्‍बोधक आहे.

१९४० मध्ये रुबेन व केमन यांनी किरणोत्सारी कार्बन-१४ शोधला. हा कार्बन असलेला कर्बवायू वनस्पतीला क्षणभर देऊन तिला लगेच उकळत्या अल्कोहोलमध्ये मारले, तर तो कोणत्या रेणूत शिरला हे शोधता येते. कॅल्व्हिन, बेन्सन व बॅशम यांनी कॅलिफोर्नियात याच पद्धतीने प्रकाशसंश्लेषणातील कार्बनचा मार्ग उलगडला. त्यांच्या मते पहिला स्थिर पदार्थ तीन कार्बन असलेले फॉस्फोग्लिसरिक आम्ल हा होता. १९६१ मध्ये कॅल्व्हिनला नोबेल पारितोषिक मिळाले आणि हा मार्ग सर्व हिरव्या वनस्पतींचा मार्ग म्हणून पाठ्यपुस्तकांत स्थिरावला. मात्र हे प्रयोग प्रामुख्याने क्लोरेला व सेनेडेस्मस या शैवलांवर झाले होते. क्लोरेला एकपेशीय आहे. सेनेडेस्मसच्या मोजक्या पेशी एकमेकींना चिकटून असतात, इतकेच. त्यांना शीर नाही, वलय नाही, ऊतकच नाही. प्रयोगासाठी ती निवड उत्तम होती. तिच्यामुळे अंतर्रचनेचा प्रश्न मात्र रसायनाच्या बाहेर राहिला.

साखर उद्योगाच्या प्रयोगशाळा

या मार्गाला अपवाद असल्याचे प्रथम दिसले ते विद्यापीठांत नव्हे, तर साखरेच्या व्यवसायात. हवाई बेटांवरील ऊस मळेवाल्यांच्या संघाच्या संशोधन केंद्रात ह्यूगो कोर्टशॅक, कॉन्स्टन्स हार्ट व जॉर्ज बर यांनी उसाच्या पानांना कार्बन-१४ दिला. तो प्रथम फॉस्फोग्लिसरिक आम्लात सापडण्याऐवजी मॅलिक व ॲस्पार्टिक या चार कार्बनच्या आम्लांत सापडला. हे १९५० च्या दशकातील काम केंद्राच्या वार्षिक अहवालांत नोंदविले जात होते. संशोधनपत्रिकेतील सविस्तर लेख निघण्यास १९६५ उजाडले. तिकडे सोव्हिएत संघात कझान येथे कार्पिलॉव्ह याला मक्याच्या पानात असेच दिसले. त्याचा रशियन लेख तेथील कृषिसंस्थेच्या संशोधनवृत्तात १९६० मध्ये आला आणि रशियाबाहेर फारसा वाचला गेला नाही. एकाने अहवालात लिहिले, दुसऱ्याने स्थानिक वृत्तात. पाठ्यपुस्तकातील सर्वमान्य मार्गाविरुद्ध जाणारे निष्कर्ष प्रथम अशाच आडबाजूच्या जागी नोंदले जावेत, हे विज्ञानाच्या इतिहासात विरळ नाही.

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे एका साखर कंपनीच्याच प्रयोगशाळेत काम करणारे हॅल हॅच व रॉजर स्लॅक हे हवाईतील अहवाल वाचत होते. हा निष्कर्ष प्रयोगातील दोषामुळे आला आहे की खरोखरच मार्ग वेगळा आहे, हे त्यांनी काटेकोरपणे तपासले. १९६६ च्या त्यांच्या लेखानुसार उसाच्या पानाला सुमारे एक सेकंद कार्बन-१४ दिल्यास त्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक भाग चार कार्बनच्या आम्लांत आढळतो. त्यानंतर तोच कार्बन क्रमाने फॉस्फोग्लिसरिक आम्लात व शेवटी साखरेत जातो. म्हणजे कॅल्व्हिनचा मार्ग येथे नाहीसा झालेला नव्हता. त्याच्या आधी आणखी एक टप्पा होता. याच टप्प्यामुळे अशा वनस्पतींना ‘सी-४’ आणि इतरांना ‘सी-३’ ही नावे मिळाली. पुढील वर्षी त्यांनी अनेक जाती तपासल्या आणि हा मार्ग उष्ण कटिबंधातील कित्येक गवतांत असल्याचे दाखविले. १९६८ मध्ये डाउंटन व ट्रेगना यांनी कर्बवायू जवळजवळ शून्यापर्यंत शोषणाऱ्या वनस्पतींची यादी आणि पानात वलय असणाऱ्या वनस्पतींची यादी शेजारी ठेवली. दोन्ही याद्या जुळल्या. हाबरलांटचा ग्रंथ पुन्हा उघडला गेला तो या वेळी.

न फुटणाऱ्या पेशी

याद्या जुळल्या, पण यंत्रणा अजून अडत होती. कॅल्व्हिन मार्गातील मुख्य विकर, आज ‘रुबिस्को’ नावाने ओळखले जाणारे, उसाच्या व मक्याच्या पानांत फारच थोडे असल्याचे स्लॅक व हॅच यांना १९६७ मध्ये आढळले. इतक्या अल्प विकरावर उसासारखे वेगाने वाढणारे पीक जगते कसे, याचा उलगडा होईना. १९६९ मध्ये ब्यर्कमन व गॉल यांनी तो केला आणि तो रासायनिक नव्हता, शारीराचा होता. पाने नेहमीच्या रीतीने कुटली की मध्योतकाच्या पातळ भिंतींच्या पेशी फुटत; वलयाच्या जाड भिंतींच्या पेशी अभंगच राहत आणि गाळणीत चोथ्याबरोबर फेकल्या जात. विकर त्यांतच होते. पान अधिक जोराने व नेटाने कुटल्यावर ते पुरेसे सापडले. जी जाड भिंत हाबरलांटने चित्रात ठळक रेषेने दाखविली होती, तिनेच रसायनशास्त्रज्ञांना दोन वर्षे चकविले, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता श्रमविभागणीचे चित्र पुरे झाले. बाहेरच्या मध्योतकातील एक विकर कर्बवायूला अत्यंत आतुरतेने पकडते व चार कार्बनचे आम्ल तयार करते. ते आम्ल पेशीभित्तीतील सूक्ष्म मार्गांनी आतल्या वलयात जाते. तेथे त्यातून कर्बवायू पुन्हा मोकळा होतो आणि त्या बंदिस्त जागेत त्याचे प्रमाण बाहेरच्या हवेपेक्षा कित्येक पटींनी वाढते. मग रुबिस्को आपले काम करते. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, याचे उत्तर १९७१ मध्ये बोज, ऑग्रेन व हेगमन यांच्या प्रयोगांतून मिळाले. रुबिस्को कर्बवायूऐवजी चुकून ऑक्सिजनही पकडते आणि त्या चुकीची भरपाई करताना वनस्पतीला आधीच मिळविलेला कार्बन गमवावा लागतो. उष्णतेत ही चूक वाढते. वलयात कर्बवायूची दाटी असल्यामुळे ऑक्सिजनला संधी मिळत नाही. शिवाय बाहेरचे विकर थोड्या कर्बवायूवरही भागवू शकत असल्याने पर्णरंध्रे फार उघडी ठेवावी लागत नाहीत व पाणी वाचते. ब्रिग्ज व शांट्झ यांच्या कुंड्यांतील दोन गटांचा अर्थ अशा प्रकारे अर्ध्या शतकानंतर लागला.

दख्खनच्या शेतात

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा केवळ परक्या प्रयोगशाळांचा इतिहास नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, राळा, वरी, मका व ऊस ही सर्व सी-४ पिके आहेत. भात, गहू, हरभरा, तूर, कापूस व भुईमूग ही सी-३. पठारावरील कोरडवाहू भाकरीचा आधार असलेली पिके पहिल्या यादीत यावीत, यात आश्चर्य नाही. हे वलय गवतांपुरतेही मर्यादित नाही. राजगिरा, माठ आणि शेताच्या बांधावरची घोळ या रुंद पानांच्या द्विदल वनस्पतींतही ते असते. दूर्वा म्हणून वाहिल्या जाणाऱ्या हरळीतही असते.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. पानाची काटकसर आणि शेताची काटकसर या दोन भिन्न गोष्टी आहेत. ऊस व ज्वारी यांच्या पानांची घडण या बाबतीत एकच आहे. एक किलो शुष्क पदार्थामागे दोन्ही पिके पाणी जपूनच वापरतात. परंतु रब्बी ज्वारी काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर काही महिन्यांत निघते, तर सुरू ऊस वर्षभर व आडसाली ऊस सुमारे दीड वर्ष शेतात उभा राहतो आणि प्रचंड प्रमाणात शुष्क पदार्थ तयार करतो. त्यामुळे त्याची एकूण तहान मोठी असते. ‘ऊस सी-४ आहे’ एवढ्या विधानावरून पाणीवाटपाचा कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. वनस्पतिशास्त्रातील सत्य जसेच्या तसे अर्थकारणात आणले की त्याचे असत्य होऊ शकते.

इतिहासाच्या अभ्यासकांनाही या वलयाने एक अनपेक्षित साधन दिले. कार्बनच्या हलक्या व जड समस्थानिकांचे प्रमाण सी-३ आणि सी-४ वनस्पतींत भिन्न असते आणि ते अन्नावाटे खाणाऱ्याच्या हाडांत उतरते. १९७८ मध्ये व्हॅन डर मर्व व फोगेल यांनी उत्तर अमेरिकेतील प्राचीन सांगाड्यांवरून तेथील लोकांच्या आहारात मका केव्हा शिरला याचा शोध घेतला. त्यानंतर ही पद्धत पुरातत्त्वात रूढ झाली. लिखित साधने नसलेल्या समाजाचे रोजचे जेवण अशा रीतीने पानातील पेशींच्या मांडणीवरून वाचता येऊ लागले.

वलयाविना

१९७० नंतरची तीन दशके वलय व सी-४ मार्ग ही अविभाज्य जोडी मानली गेली. जमिनीवरील वनस्पतींत दोन प्रकारच्या पेशींशिवाय हा मार्ग शक्य नाही, असे अध्यापनातही सांगितले जात असे. २००१ मध्ये व्होझ्नेसेन्स्काया व तिच्या सहकाऱ्यांनी मध्य आशियातील खारट जमिनीत वाढणाऱ्या बोर्शचोव्हिया या वनस्पतीत संपूर्ण सी-४ मार्ग एकाच पेशीत चालतो, हे सिद्ध केले. त्या लांबट पेशीच्या दोन टोकांना दोन वेगळ्या प्रकारची हरितलवके असतात. बाहेरचे टोक मध्योतकाचे काम करते आणि आतले वलयाचे. श्रमविभागणी खरी होती, पण तिला भिंतींची गरज असतेच असे नाही. हाबरलांटने श्रमविभागणीचा तर्क करताना पेशींच्या थरांबरोबर त्यांतील हरितलवकांचा उल्लेख केला होता, हे या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगे आहे.

सी-४ वनस्पती जगातील फुलझाडांच्या सुमारे ३ टक्के जाती इतक्याच आहेत, परंतु जमिनीवरील एकूण प्रकाशसंश्लेषणात त्यांचा वाटा एक पंचमांश ते एक चतुर्थांश मानला जातो. उत्क्रांतीत हा मार्ग साठाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे निर्माण झाला आहे. निसर्गात इतक्या वेळा घडलेली गोष्ट प्रयत्नपूर्वक भातात घडविता येईल का, या विचाराने आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २००० च्या दशकाच्या अखेरीस सी-४ भाताचा प्रकल्प सुरू झाला व पुढे तो ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली चालू राहिला. विकरांची जनुके भातात घालणे त्या मानाने सोपे ठरले; पानाची घडण बदलणे अवघड ठरले. ज्वारीच्या पानात दोन शेजारच्या वलयांमध्ये बहुधा दोनच मध्योतक पेशी असतात, भाताच्या पानात त्याहून बऱ्याच अधिक. शिरा दूरदूर असतात आणि त्यांच्याभोवतीच्या पेशींत हरितलवके थोडी व लहान असतात. २०१७ मध्ये मक्यातील एक नियामक जनुक घातलेल्या भातात या आवरण-पेशींतील लवके काही अंशी वाढल्याचे दिसले. अशा प्रत्येक नव्या रोपाची पहिली तपासणी आजही पान आडवे कापून, छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून, दोन शिरांमधील पेशी मोजूनच केली जाते.